मूर्तिजापूरची दाढ

वऱ्हाडात जनावराचा जबडा उघडायला कोणी कधी कचरलं नाही. चांदूर बाजारच्या नाहीतर परतवाड्याच्या बैलबाजारात घटकाभर उभं राहून पाहावं. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एखादा माणूस गोऱ्ह्याजवळ येतो, पाठीवरून हात फिरवतो, चारही खुरं पाहतो आणि मग डाव्या हाताची दोन बोटं सरळ त्याच्या नाकपुड्यांत घालून मान वर करतो. उजव्या अंगठ्याने खालचा ओठ ओढतो. क्षणभर पाहतो आणि सोडून देतो. गोऱ्हा लांबलचक जीभ काढून नाक साफ करून घेतो, हा धोतराला बोटं पुसतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, "जुळला हाय हा." मालक लगेच उसळतो, "काय सांगता बाप्पा! सहादाती हाय. कोपऱ्यातले दोन दुधाचेच हायेत अजून, नीट पाहा ना." पुन्हा नाकपुड्या, पुन्हा ओठ. पुढची बोलणी दुपट्ट्याखाली, बोटांनी.

दात वाचणं ही आमच्याकडची पिढीजात विद्या. दुधाचे दात आहेत तोवर आदत. अडीचेक वर्षांचा होताना मधले दोन दुधाचे पडून त्या जागी रुंद पक्के दात आले की दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि पाचेक वर्षांचा होईतो आठही पक्के आले की जुळला. त्यानंतरचं वय दातांच्या झिजेवरून ओळखायचं, म्हणजे तिथून पुढे अंदाज आणि थापा यांचं राज्य. तरीही बैलाच्या वयावर माझा जास्त विश्वास आहे. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी एक जुलै ही जन्मतारीख ठोकून दिलेली आहे, आणि आमचे दात पाहायला कोणी आलं नव्हतं.

'धर्माच्या गाई आणि दात का गे नाही' ही म्हण ज्या कोणी काढली, त्याला गाईचं वय नक्कीच कळत असणार. फुकट मिळालेल्या गाईचाही ओठ ओढून पाहायचा मोह त्याला आवरला नाही. अर्थात, वरच्या जबड्यात पुढचे दात न दिसल्याने तो कुरकुरला असेल, तर त्याची बाजू लंगडी. तिथे दात कोणत्याच गाईला नसतात. नुसती कडक गादी असते. खालचे आठ दात आणि वरची गादी यांच्यामध्ये चारा दाबून धरायचा, मान हिसडायची आणि तोडायचा, बाकी काम मागच्या दाढांचं आणि सावकाश रवंथाचं.

तर अशा या दंतज्ञानी मुलखात कुत्र्याच्या तोंडात डोकावून पाहायची रीत नाही. कारण उघड आहे. बैलाचे दात पाहायचे ते भाव करायला, आणि गावठी कुत्र्याचा भाव कोणी करत नाही. ते आपण होऊन दारात येतं, पायरीवर बसतं आणि आठवड्याभरात घरातल्या मंडळींमध्ये धरलं जातं. त्याचे दात पाहायचे असतील तर ते परक्या माणसाने पाहायचे, तेही पळता पळता.

आमच्या शेजारच्या काकाजींकडे शेरू असाच आला. काकाजी एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. खाकी सुटली, पण कंडक्टरकी सुटली नाही. गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, कोण कुठे उतरलं याची नोंद त्यांच्याकडे असते. त्यांच्या दाढेत कायम खर्रा. एकदा अंगणात बसलेले असताना मला म्हणाले, "याच्या तोंडाले भल्ला वास येऊन रायला, बाप्पा." म्हणताना त्यांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. शेरूने मान दुसरीकडे वळवली. मला वाटतं, वासाबद्दल त्यालाही काही बोलायचं होतं.

"कुत्र्याच्या तोंडाले वास नाई येईन तं का अत्तराचा येईन?" हा काकूंचा निकाल. हाच निकाल वऱ्हाडातल्या घराघरात लागलेला आहे. कांद्याला कांद्याचा वास, लसणाला लसणाचा आणि कुत्र्याच्या तोंडाला कुत्र्याच्या तोंडाचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा कुत्रं दुपारभर कूलरसमोर जीभ बाहेर टाकून धापा टाकत असतं. म्हणजे तोंड उघडंच. जबडा धरायची, ओठ ओढायची, नाकपुड्यांत बोटं घालायची काही गरज नाही. नुसतं वाकून पाहिलं तरी सगळी बत्तिशी दिसते. बत्तिशी म्हणायची आपली सवय. मोठ्या कुत्र्याला दात असतात ४२ आणि मांजराला ३०, म्हणजे माणूस दोघांच्या मधे. वाकून पाहिलंच, तर मागच्या दाढांवर पिवळट तपकिरी थर दिसतो आणि त्याच्या कडेला हिरडीची लालभडक रेघ. पण वाकतो कोण? उन्हाने आपणच आडवे झालेलो असतो.

तो थर आणि तो वास हे एकाच घरचे. दात साफ असला तरी काही तासांत त्यावर जंतूंचा बुळबुळीत पातळ पापुद्रा धरतो. तो बोटाला फडकं गुंडाळून पुसला तरी निघतो. राहू दिला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांत त्याचं कीटण व्हायला लागतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात नळाच्या तोटीला खर धरतो ना, जो मग चिंचेने घासा नाहीतर सुरीने खरवडा, जागचा हलत नाही, तसलंच हे प्रकरण. आपल्या दातांना लागते ती कीड कुत्र्याच्या दाताला क्वचितच लागते. त्याची लाळ आपल्यापेक्षा जास्त अल्कली असते, म्हणून आम्लाने दाताला खड्डे पडत नाहीत. पण त्याच लाळेने कीटण लवकर धरतं. निसर्गाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने वसूल केलं.

दिसतं ते कीटण. ते नुसतं पिवळं राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. खरा घोळ हिरडीच्या खाली चालतो. जंतू तिथे सरकतात, हिरडी सुजते, दातापासून सुटते, मधे खाच पडते, खाचेत आणखी जंतू, आणि हळूहळू दाताला धरून ठेवणारं हाडच झिजायला लागतं. वय तीन व्हायच्या आत बहुतेक कुत्र्यामांजरांत याची सुरुवात झालेली असते. लहान चणीच्या कुत्र्यांचं तर विचारूच नका. पॉमेरियनच्या एवढ्याशा जबड्यात तेवढेच ४२ दात दाटीवाटीने बसवलेले, आणि बऱ्याचदा दुधाचा सुळा जागा सोडायलाच तयार नसतो. पक्का सुळा त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. एका जागेवर दोन रिझर्वेशनं, आणि मधल्या फटीत भात.

सुजलेल्या हिरडीतून जंतूंना थेट रक्ताची वाट मिळते. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या जास्त बिघडलेल्या, त्यांच्या हृदयात, यकृतात, मूत्रपिंडात बिघाडही जास्त आढळतो, असं डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. एकामुळेच दुसरं होतं, असं छातीठोकपणे म्हणायला शास्त्र अजून तयार नाही. पण तोंडात सतत पू भरलेला आणि बाकी देह ठणठणीत, हे गणित कोणाच्याही मनाला पटणार नाही. मधुमेह झालेल्या कुत्र्याची साखर तर हिरड्या बऱ्या झाल्याशिवाय आटोक्यात यायला नखरे करते.

हे सगळं होत असताना कुत्रं काय करतं? जेवतं. सगळी गंमत तिथेच आहे. आपली दाढ ठणकली की आपण गालाला हात लावून घरभर फिरतो, लवंग मागतो, रात्री अडीचला घरातल्यांना उठवतो. कुत्र्याच्या घराण्यात दुखणं दाखवायची पद्धत नाही. टोळीत राहणाऱ्याने कमजोरी दाखवली तर त्याची जागा दुसरा घेतो. म्हणून ते दुखऱ्या दाढेनेही जेवतं आणि ताटली चाटून ठेवतं. मग आपण म्हणतो, खाऊन-पिऊन ठीक आहे. खाणाखुणा असतात, पण बारीक. एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं, पंजाने तोंड घासणं, डोक्यावरून हात फिरवताना एकदम मान काढून घेणं. शेरूने कोरडी भाकर सोडली. दुधात कुस्करली तर खायचा, नाहीतर वास घेऊन बाजूला. काकाजींचं निदान तयार होतं, "लाडावला लेकाचा. आपल्याले कोण देते दूध-भाकर?"

मग शेरूच्या डाव्या डोळ्याखाली सूज आली. सुपारीएवढी. काकूंनी हळद लावली. सूज फुटली, पू आला, जागा कोरडी पडली, खपली धरली, सगळे खूश. थोड्या दिवसांनी त्याच जागी पुन्हा सूज. पुन्हा हळद. गल्लीत तर्क सुरू झाले. कोणी म्हणे विंचू, कोणी म्हणे समोरच्या टोळीतल्या काळ्याने पंजा मारला, एका शिकवणीवाल्या सरांनी कॅन्सरची शंका बोलून दाखवली आणि काकूंनी त्यांना चहा न विचारता वाटेला लावलं.

मग शेरूला न्यायचं कुठे, यावर अंगणात परिषद भरली. इथे वऱ्हाडच्या भूगोलाची एक अडचण आहे. अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, पण ते माणसांच्या दातांचं. अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर संस्था आहे, ती जनावरांची, नाकापासून शेपटीपर्यंत. दात अमरावतीत, जनावर अकोल्यात. या हिशेबाने कुत्र्याची दाढ दुखली तर ती दोन्हींच्या मधे मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी दुखते असं धरावं लागतं. काकाजींना ही कल्पना फार पटली. त्यांची सगळी नोकरी याच रस्त्यावर गेलेली. बडनेरा, लोणी, कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू हे त्यांना पाढ्यासारखे पाठ. "मूर्तिजापूरले गाडगेबाबाचं गोरक्षण आहे," ते म्हणाले, "तिथं गाईले आसरा हाय. पण बाबा झाडू मारायचे, दाढ नाई काढायचे." गाडगेबाबांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय द्यायला सांगितलेलं आहे, ती पाटी अमरावतीत चौकाचौकात वाचायला मिळते. अभयाच्या त्या यादीत डॉक्टरकडे नेणं धरावं की नाही, यावर शेरूचं मत वेगळं पडलं असतं.

गावात कुत्र्यांचे डॉक्टर नाहीत असं मुळीच नाही. पण काकाजींची बहीण अकोल्यात गौरक्षण रोडला राहते, आणि बहिणीकडे जायला निमित्त हवंच असतं. एका ओळखीच्याची गाडी मिळाली, मलाही बसवलं. या रस्त्याचा काकाजींना भारी अभिमान. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव लागलं, हे त्यांनी बडनेरा सुटायच्या आत सांगून टाकलं. मिनिटंही सांगितली. कंडक्टर माणूस, वेळेचा पक्का. शेरू खिडकीतून तोंड बाहेर काढून विक्रमी डांबरावरची हवा खात होता, आणि गाडीतली आम्ही मंडळी त्याच्या तोंडाची.

अकोल्याच्या डॉक्टरांनी शेरूच्या डोळ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सरळ वरचा ओठ उचलला. काकाजी अस्वस्थ. "डॉक्टरसाहेब, सूज डोळ्याखाली हाय. दात काहून पाहता?"

डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. वरच्या जबड्यात मागे एक मोठी दाढ असते, कातरीच्या पात्याची. खालच्या दाढेवर घासून मांस कापायचं काम तिचं. तिला तीन मुळं, आणि त्या मुळांची टोकं थेट डोळ्याच्या खाली. शेरूच्या त्या दाढेचा बाहेरचा एक कपचा उडालेला होता. आतला लालसर ठिपका उघडा पडला होता, तिथून जंतू मुळापर्यंत गेले, मुळाशी पू झाला, आणि पुवाला बाहेर पडायला जवळची वाट डोळ्याखालून होती. हळद वरून लागत होती. दुखणं आतून चाललं होतं.

"हाड खाल्लं होतं का एवढ्यात?"

काकाजी एकदम भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला लागले. डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा असते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या पडतात, रोडगे भाजले जातात आणि मातीच्या हंडीत मटण शिजतं. काकू माळकरी. त्यामुळे काकाजींची बहिरमची भक्ती घराबाहेरची, आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली मांडीची जाड नळी शेरूला मागच्या अंगणात, न्हाणीच्या आडोशाला. इतकी वर्षं हा व्यवहार दोघांत गुप्त होता. तो दाढेने फोडला.

हाड ही कुत्र्याची दौलत, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे की कुत्र्याचं चित्र काढायला सांगितलं तर पोट्टे आधी हाड काढतात. पण जे हाड दातापेक्षा कठीण, त्याच्याशी झुंजताना दातच हरतो. चघळायला द्यायची वस्तू आधी आपल्या अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावी. नख थोडं रुतलं तर ठीक, नाही रुतलं तर ती कुत्र्याला नको. शिजवलेलं हाड तर आणखी वाईट, त्याच्या टोकदार कपच्या होतात.

"जंगलात वाघाचे दात कोण घासते?" परत येताना काकाजींनी मुद्दा काढला. मेळघाट आमच्या जिल्ह्यातलं, १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातलं एक, त्यामुळे वादात अडकलं की अमरावतीचा माणूस शेवटी वाघाला पुढे करतो. प्रश्न रोखठोक आहे. उत्तर असं, की कोणी घासत नाही, आणि वाघाला ते महागात पडतं. कुमाऊँमधल्या चंपावतच्या ज्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलं, तिच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. गोळी लागून तुटले असावेत असं कॉर्बेटचं म्हणणं. हरणं धरणं तिला जमेना म्हणून ती माणसांकडे वळली. त्याआधी १८९८ मध्ये पूर्व आफ्रिकेत त्सावो इथे रेल्वेचा पूल बांधणाऱ्या मजुरांना दोन सिंहांनी खाल्लं. त्या मजुरांत कितीतरी आपल्या देशातून नेलेले. त्या सिंहांच्या कवट्या शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या एकाचा सुळा तुटलेला आणि मुळाशी पुवाची पोकळी, म्हणजे हुबेहूब शेरूचंच दुखणं. रानरेड्याला धरताना दाढेत कळ येत असेल तर मऊ काहीतरी बघावं, असं त्याने ठरवलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे ऐकल्यावर काकाजी बराच वेळ गप्प होते. मागच्या सीटवर शेरू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. त्यांनी मांडी हळूच थोडी बाजूला घेतली.

दाढ काढायची म्हणजे पूर्ण भूल. हे ऐकून काकूंचा धीर सुटला. दातासाठी भूल? माणसाला तर खुर्चीत बसवून सुई टोचतात. पण शेरूला "आ करा" म्हणून सांगायचं कसं? जागेपणी कीटण खरवडून देणारे भेटतात, त्याने दात वरून पांढरेही दिसतात. पण हिरडीखाली जाताच येत नाही आणि दुखणं तिथल्या तिथे राहतं. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेनेही असल्या वरवरच्या सफाईला सपशेल नकार दिलेला आहे. नीट करायचं तर आधी रक्ताची तपासणी, मग भूल, पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनळीत नळी, क्ष-किरण फोटो, यंत्राने कीटण काढणं आणि शेवटी पॉलिश, नाहीतर खरखरीत दातावर नवा थर आणखी लवकर बसतो. शेरूची दाढ तीन तुकडे करून काढली, प्रत्येक मूळ वेगळं. डॉक्टरांनी ती काकाजींच्या तळहातावर ठेवली. काकाजींनी ती दुपट्ट्याच्या कोपऱ्यात बांधून आणली, आणि आता आल्यागेल्याला दाखवतात.

आठ-दहा दिवसांत शेरू कोरडी भाकर कडाकडा खायला लागला. वयाने म्हातारा झालाय अशी ज्याच्याबद्दल समजूत होती, तो पुन्हा सायकलींमागे धावू लागला. घरातल्यांना त्याचा आधीचा स्वभाव आठवला.

मग उरला दात घासण्याचा प्रश्न. डॉक्टरांनी रोज सांगितलेलं. आपल्याकडे दात घासण्याच्या साधनांची वाण नाही. बाभळीचं दातवण आहे, राखुंडी आहे, मीठ-तेल आहे. पण मीठ कुत्र्याच्या पोटात जास्त जाणं बरं नाही, आणि आपली टूथपेस्ट तर मुळीच नाही, कारण चूळ भरणं हा प्रकार त्याला येत नाही. सगळी पेस्ट पोटात जाते. त्यात फ्लोराइड असतं, फेस करणारी द्रव्यं असतात, आणि काहींत झायलिटॉल नावाची साखर असते. ती माणसाला चालते, कुत्र्याची रक्तातली साखर मात्र झपकन खाली आणते, जिवावर बेतू शकतं. कुत्र्यांची पेस्ट वेगळी मिळते. काकाजींनी ती आणली. त्यावर चिकनचं चित्र. काकूंनी ती देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात पाहिली आणि त्या दिवशी घरात दुसरी परिषद भरली.

तोडगा काकूंनीच काढला. पेस्ट फक्त चवीला असते, खरं काम घासण्याचं, हे त्यांनी डॉक्टरला फोन करून विचारून घेतलं होतं. मग बोटाला सुती फडक्याची पट्टी, ती पाण्यात भिजवलेली, आणि शेरू त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधे. पहिले काही दिवस फक्त ओठाला बोट लावायचं आणि बक्षीस म्हणून गाजराचा तुकडा. मग ओठ उचलायचा. मग पुढचे दात, मग सुळे, शेवटी मागच्या दाढा, आणि तेही बाहेरची बाजूच. आतल्या बाजूची थोडीफार काळजी जीभ घेते. हिरडी आणि दात मिळतात त्या रेघेवर बोट हलकं गोल फिरवायचं. शेरू डोळे बारीक करतो, कान मागे घेतो आणि सहन करतो. सगळं मिळून दोन मिनिटं. काकाजी ओट्यावर बसून घड्याळ पाहतात आणि वेळ सांगतात, काकू त्यांच्याकडे पाहतात, आणि म्हणतात, "तुमचं कधी?" त्यावर काकाजी खर्रा थुंकायला उठून जातात.

मांजराच्या बाबतीत वर सांगितलेलं सगळं खरं आहे. फक्त ते करून पाहायला जाऊ नये. काकाजींच्या अकोल्याच्या बहिणीला आता अख्खी गल्ली आत्या म्हणते, मीही. त्यांच्याकडे मनी आहे. ती भुकेने ओरडत ताटलीशी धावत यायची, पहिला घास घेतला की ताटलीवरच फिस्कारून पळायची. जणू दुधानेच तिला बोचकारलं. आत्यांनी तिची मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मग मिरच्याही ओवाळल्या, त्याने घरातले सगळे शिंकले, मनी सोडून. तोंड उघडून पाहिलं तेव्हा आत सगळं लालबुंद. मांजरांना हा एक विचित्र आजार होतो. त्यांचं शरीर जणू स्वतःच्या दातांवरच्या जंतूंवर इतकं चवताळतं की सगळं तोंड सोलवटून निघतं. घासून, औषधं देऊन भागत नाही तेव्हा दात काढणं हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय, आणि बऱ्याच मांजरांना त्याने आराम पडतो. मनीच्या आधी दाढा काढल्या, मग उरलेले दात.

आत्यांनी हाय खाल्ली होती. बिनदातांची मांजर खाणार काय, उंदीर तिला पाहून हसतील. पण मांजर तसंही फारसं चावत नाही. तुकडा तोडते आणि गिळते. मनी पंधरवड्यात टुणटुणीत झाली, अंगावर लव आली, आणि परवाच एक पाल धरून आत्यांच्या उशीवर आणून ठेवली. "तिले एकही दात नाई, तरी कवळी लागत नाई," आत्या मला सांगत होत्या, आणि सुरात कौतुकापेक्षा हेवा जास्त होता, "अन् मले लागते." आत्यांची कवळी रात्री पाण्याच्या वाटीत असते. त्या वाटीतलं पाणी पिणं हा मनीचा लाडका उद्योग. घरात चार ठिकाणी स्वच्छ पाणी ठेवलेलं असतं, पण तिला तेच हवं. आत्यांनी आता वाटीवर झाकण घातलंय, आणि झाकणावर वरवंटा.